सिंहगडाचा पहिला टप्पाच जीव का काढतो? – दम, साखर, चरबी आणि बिचारं लॅक्टिक ॲसिड

घाटवाट | रविवार, रात्री ९:४०

चार वर्षं झाली, पावसाळा-उन्हाळा न बघता दर रविवारी पहाटे पायथ्याच्या आतकरवाडीत गाडी लावतो आणि सिंहगड चढतो. वय ४७, वजन ७२ किलो, नोकरी बँकेत, म्हणजे उरलेले सहा दिवस खुर्ची. या चार वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. पहिली दहा-बारा मिनिटं जीव नकोसा होतो. छातीचा भाता झालेला, कानशिलं तापलेली, आणि 'आज काही खरं नाही, परत फिरू' हा विचार ठरलेला. मग ताक विकणाऱ्या पहिल्या मावशी दिसतात त्या सुमारास सगळं सुरळीत होतं. चढ तोच, पाय तेच, दम लागतोच, पण पुरतो.

दुसरं कोडं मंगळवारचं. सोमवारी विशेष काही नसतं. मंगळवारी मांड्या अशा भरून येतात की बँकेचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. जिममधल्या ट्रेनरला विचारलं. तो म्हणाला, "सर, लॅक्टिक ॲसिड साठलंय. स्ट्रेचिंग करा, निघून जाईल." दोन दिवसांनी 'साठतं' ते कसलं ॲसिड, हे विचारायचं राहून गेलं.

तिसरं कोडं म्हणजे भाचा. वय २०, कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला असतो. पायथ्याला पाच मिनिटांत माझ्या नजरेआड होतो आणि गडाच्या पुणे दरवाजाच्या बराच आधी कुठल्या तरी दगडावर बसलेला सापडतो. मी, काका माणूस, त्याच्या पुढे निघून जातो!

म्हणून वाचायला घेतलं. कळलं ते असं.

स्नायूला भाकरी कळत नाही, तूपही कळत नाही. त्याला फक्त एटीपी कळतं. हा एक छोटा रेणू. त्याचा एक फॉस्फेट तुटला की जी ऊर्जा सुटते तिच्यावर स्नायू आकसतो. गंमत म्हणजे अख्ख्या शरीरात एका वेळी हे एटीपी १०० ग्रॅमसुद्धा नसतं. जीव खाऊन पळालं तर दोन-तीन सेकंदांत संपेल इतकंच. पण दिवसभरात आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो, म्हणजे तेच ते रेणू पुन्हा पुन्हा भरून घेतो.

माझ्या डोक्यात आजोळचं घर आलं. हातात तांब्या, तो झाला एटीपी. शेजारी कळशी: स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन. त्यातून तांब्या क्षणात भरता येतो, पण जोरात पळताना कळशी दहाएक सेकंदांत तळाला जाते. मोरीतलं पिंप म्हणजे साखर ऑक्सिजनशिवाय फोडणं. ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ २ एटीपी मिळतात, पण पटकन. आणि परसात विहीर. तिथे ऑक्सिजन वापरून तीच साखर पूर्ण जाळली तर सुमारे ३० ते ३२ एटीपी, शिवाय चरबीही जळते. पाणी भरपूर, पण पोहरा वर यायला वेळ लागतो.

म्हणजे पहिली १० सेकंदं कळशी, मग दोनेक मिनिटं पिंप, मग विहीर. गाडीचे गिअर बदलावेत तसं. इथपर्यंत छान जुळलं. पण मग माझी ती दहा-बारा मिनिटं कुठून आली? हिशोबाने तिसऱ्या मिनिटालाच मला बरं वाटायला हवं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज | रविवार, रात्री १०:०५

धागा वाचतोय. विहिरीचं उदाहरण आवडलं. आमच्याकडे मात्र टँकर येतो, त्यामुळे माझी ऊर्जाही एक दिवसाआडच असते.

अवांतर: वर जाऊन पिठलं-भाकरी, भजी आणि मडक्यातलं दही खाल्लं तर चढलेलं सगळं वजा होतं का हो?

घाटवाट | रविवार, रात्री १०:२०

चहाबाज, तो हिशोब मी भीतभीत केलाय. सॅक धरून ७५ किलो, चढ सुमारे ६०० मीटर. नुसतं वजन वर उचलायचं काम १०५ किलोकॅलरींच्या आसपास भरतं. पण स्नायू खाल्लेल्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होते (म्हणून जानेवारीच्या पहाटेही शर्ट भिजतो). म्हणजे खर्च साधारण ४२० किलोकॅलरी, वर थोडी इकडची तिकडची. दोन भाकऱ्या, पिठलं आणि एक प्लेट भजी. वजा होऊन वर उधारी राहते.

जास्वंद | रविवार, रात्री ११:१५

घाटवाट, लेख छान. मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे एक दुरुस्ती केल्याशिवाय झोप येणार नाही.

तुमची भांडी बरोबर आहेत. गिअर मात्र चुकलेत. दर वर्षी निम्मा वर्ग हेच लिहितो, कारण पुस्तकातल्या आलेखात तीन डोंगर एकापाठोपाठ काढलेले असतात. प्रत्यक्षात पहिल्या पावलापासून सगळी भांडी एकदम वापरात असतात. बदलतो तो प्रत्येकाचा वाटा. तुम्ही पहिलं पाऊल टाकता तेव्हा विहिरीचा रहाटही फिरायला लागलेला असतो, फक्त पोहरा अजून खाली असतो. उलट, तासभर चालल्यावर एखाद्या उंच दगडावर झटक्यात चढता तेव्हा ती उडी कळशीवरच होते.

जीव तोडून केलेला व्यायाम किती वेळ चालला की ऑक्सिजनवाला आणि बिनऑक्सिजनवाला वाटा सारखा होतो? जुनी पुस्तकं दोन मिनिटं म्हणायची. नंतरच्या मोजमापांत ते सुमारे सव्वा मिनिटावर आलं. म्हणजे ८०० मीटरची शर्यत, जी बघताना निव्वळ ताकदीची वाटते, तीही निम्म्याहून जास्त ऑक्सिजनवर धावली जाते. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. तिथे तर जवळपास सगळा कारभार विहिरीचा, आणि पाण्यावरून उडी मारताना, शेवटच्या फेरीत कळशी आणि पिंप.

आता तुमची दहा मिनिटं. सपाटीवरून चढाला लागलं की पायांची मागणी एका क्षणात वाढते. फुप्फुसं, हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायूंतली यंत्रणा मात्र त्या मागणीला गाठायला दोन-तीन मिनिटं घेतात. हा मधला तुटवडा कळशी आणि पिंप भरून काढतात. चाल माफक असेल तर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गाठ पडते आणि बरं वाटतं. पण तुम्ही (माझा अंदाज, रागावू नका) भाच्याच्या मागे लागत असणार. मग तुटवडा मोठा होतो, पिंपावर भार वाढतो, स्नायूंतली आम्लता वाढते आणि ती रक्तात उतरून श्वासाला चाबूक लावते. पुढे भाचा नजरेआड झाला की तुम्ही नकळत वेग कमी करता. चढलेली आम्लता उतरायला मग पाच-सात मिनिटं लागतात. तोवर ताकवाल्या मावशी येतात.

म्हणजे मावशींचा गुण नाही, भाचा दिसेनासा झाल्याचा गुण आहे. (हलकेच घ्या.)

उपाय साधा आहे. आधी पाच-सात मिनिटं सपाटीवर भराभर चाला, म्हणजे रहाट फिरू लागेल. मग पहिला टप्पा इतक्या सावकाश चढा की पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे.

घाटवाट | रविवार, रात्री ११:३२

अंदाज शंभर टक्के खरा. दंडवत.

लॅक्टिक ॲसिडचंही सांगा ना. मंगळवार जवळ येतोय.

जास्वंद | सोमवार, सकाळी ७:५०

पिंपातून पाणी काढताना साखर अर्धवट फुटते आणि पायरुवेट तयार होतं. वेग जास्त असेल तर त्याचं लॅक्टेट होतं. शाळेच्या पुस्तकातलं 'दुग्धाम्ल' ते हेच, कारण ते पहिल्यांदा आंबलेल्या दुधात सापडलं (शीले, १७८०). स्नायूत मात्र ते ॲसिड म्हणून नाही, लॅक्टेट म्हणूनच असतं. आम्लता वाढते हे खरं, पण थकण्याचं सगळं पाप तिच्या माथी मारता येत नाही. फॉस्फोक्रिएटिन फुटल्यावर साठणारं फॉस्फेट, पेशीतल्या कॅल्शियमची गडबड, मेंदूकडून येणारी ढिलाई, असे बरेच भागीदार आहेत.

मुख्य मुद्दा असा की लॅक्टेट कचरा नाही. लोणी काढल्यावर उरलेलं ताक आपण फेकतो का? कढी करतो. स्नायूतून बाहेर पडलेलं लॅक्टेट हृदय आवडीने जाळतं. शेजारचे सावकाश काम करणारे स्नायूतंतूही जाळतात. काही यकृतात जातं आणि तिथे त्याची पुन्हा साखर होते. हे चक्र उलगडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या पतिपत्नींना १९४७ मध्ये नोबेल मिळालं. व्यायाम थांबवल्यावर तासाभरात लॅक्टेट नेहमीच्या पातळीवर येतं, हलकं चालत राहिलात तर आणखी लवकर. त्यामुळे मंगळवारी तुमच्या मांड्यांत रविवारचा कणही शिल्लक नसतो.

मंगळवारचं दुखणं चढण्याचं नाहीच, उतरण्याचं आहे. उतरताना मांडीचा स्नायू आकसायचा प्रयत्न करत असतो आणि शरीराचं वजन त्याला ताणत असतं. म्हणजे ब्रेक दाबून गाडी उतरवणं. याला ऊर्जा कमी लागते, म्हणून दम लागत नाही आणि माणूस फसतो. पण या ताणाने स्नायूतंतूंत अगदी सूक्ष्म इजा होते, तिथे दाह सुरू होतो, आणि तो एक ते तीन दिवसांनी कळसाला पोहोचतो. सोमवार बरा, मंगळवार वाईट, ते यामुळे.

एक दिलासा म्हणजे असं एकदा उतरल्यावर पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितकं दुखत नाही. दर रविवारी न चुकता जात असाल तर त्रास कमी व्हायला हवा. चुकता का मधले रविवार?

घाटवाट | सोमवार, सकाळी ९:१०

पहिल्या ओळीतलं 'दर रविवारी' हे जरा... साहित्यिक होतं.

रेडर७ | सोमवार, दुपारी १:३०

मी तालुक्याला कबड्डीची पोरं तयार करतो. भाच्याचं सांगतो.

चढाई ३० सेकंदांची. खरं झुंजणं त्यात पाच-सात सेकंदांचं: बोनसला पाय टाकला, हात मारला, पकड सुटून रेषेकडे झेप. सगळा कळशीचा खेळ. भाच्याची कळशी तयार आहे, पण गडाला कळशी पुरत नाही. त्याची विहीर आटलेली असणार. आमच्याकडे पण अशी पोरं येतात. पहिल्या हाफला वाघ, दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला हात खाली. २०-२० मिनिटांचा सामना आहे, एका चढाईचा नाही.

मी पूर्वी पोरांना चढाईमागून चढाई करायला लावायचो, मध्ये २०-२५ सेकंद सोडून. वाटायचं कस लागतोय. मग एका शिबिरात कळलं की रिकामी कळशी निम्मी भरायला अर्धा मिनिट लागतं आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. मी पोरांना अर्ध्या कळशीवर झेप घ्यायला शिकवत होतो. झेप मंदावली की सवयच मंद झेपेची लागते. आता वेगाचा सराव वेगळ्या दिवशी, दोन चढायांमध्ये तीन मिनिटं विश्रांती. पोरं उभी बघून गावातले लोक म्हणतात, सर काय करतात नुसते?

आणि 'दम'. आजोबांच्या काळी हुतूतू म्हणायचे. दम सुटला की चढाई संपली. लोकांना वाटतं दम धरल्याने ऊर्जा संपते. तसं काय नाही ना ताई?

जास्वंद | सोमवार, संध्याकाळी ६:२०

नाही, रेडर७. तेवढ्या सेकंदांचं काम तसंही साठ्यावरच चालू असतं. शिवाय 'कबड्डी कबड्डी' म्हणताना श्वास हळूहळू बाहेर जातो, आणि रक्तात, स्नायूंत थोडा ऑक्सिजन असतोच. चढाई संपल्यावर जी धाप लागते तिचं काम कळशी भरणं. तुम्ही लिहिलंत त्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, की कळशी भरते ती विहिरीच्या पाण्याने. फॉस्फोक्रिएटिन परत तयार व्हायला जे एटीपी लागतं ते ऑक्सिजनवाल्या यंत्रणेतून येतं. म्हणून चढाईपटूलाही लांब पळणं थोडं हवंच. ज्याची विहीर चांगली त्याची कळशी दोन चढायांच्या मधे लवकर भरते.

ओसरी | सोमवार, रात्री ८:४५

थोडा इतिहास, कारण यात एक भारतीय माणूस आहे आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

१९२२ चं वैद्यकाचं नोबेल आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मेयरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामाबद्दल मिळालं. तेव्हाची समजूत अशी की लॅक्टिक आम्ल तयार होतं म्हणूनच स्नायू आकसतो. १९२७ मध्ये हार्वर्डला सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडलं. ब्रिटनमध्ये एगल्टन दांपत्यालाही त्याच सुमारास त्याचा माग लागला होता. १९२९ मध्ये एटीपी सापडलं: जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि स्वतंत्रपणे फिस्क-सुब्बाराव जोडीलाही. मग १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूला असं विष दिलं की लॅक्टिक आम्ल तयारच होऊ नये. तरी स्नायू आकसत राहिला, फॉस्फोक्रिएटिन संपेपर्यंत. सगळा सिद्धांत एका बेडकाने मोडला. हिल यांनी हे मोकळेपणाने मान्य केलं आणि स्नायुशास्त्रातल्या या क्रांतीवर स्वतःच लेख लिहिला.

सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५. हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. पुढे ते औषध कंपनीत गेले आणि त्यांच्या हाताखाली मेथोट्रेक्सेट, हत्तीरोगावरचं डायइथाइलकार्बामाझिन अशी औषधं उभी राहिली. १९४८ मध्ये गेले. आज जिममध्ये ज्या क्रिएटिनचे डबे विकले जातात, त्या डब्यावर त्यांचा फोटो हवा खरं तर.

चहाबाज | सोमवार, रात्री ९:००

वाचनखूण साठवली. क्रिएटिनचा विषय निघालाच आहे तर: माझा मुलगा घेतो, आणि त्याची आजी त्याला 'स्टेरॉइडवाला' म्हणते. कोण बरोबर?

जास्वंद | सोमवार, रात्री ९:३०

आजी चूक. क्रिएटिन आपलं शरीर रोज स्वतः बनवतं, मांस-मासळीतूनही मिळतं. स्टेरॉइडशी संबंध नाही. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत ते थोडं कमी असतं. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने कळशी थोडी मोठी होते, म्हणजे झेपा, वजनं, छोट्या धावा यांत फायदा. गड चढायला विशेष नाही. वजन किलोभर वाढतं, ते पाण्याचं. रक्ततपासणीत क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी बघतात तो आकडा) किंचित जास्त दिसू शकतं, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगावं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

बेचाळीस_किमी | मंगळवार, सकाळी ६:१५

सगळे कळशी-पिंपावर बोलताय. मी विहीर आटलेली बघितली आहे, म्हणून लिहितो.

मुंबई मॅरेथॉन, माझी पहिली पूर्ण. तीस किलोमीटरपर्यंत मी राजा होतो. ठरवल्यापेक्षा दोन मिनिटं पुढे. रस्त्यावरची लहान मुलं संत्र्याच्या फोडी देत होती, मी तोऱ्यात 'नको बाळ' म्हणत होतो. ३२ नंतर पाय माझे राहिले नाहीत. दुखत नव्हते, दमही लागत नव्हता, नुसते चालेनात. पेडर रोडच्या चढाला मी एका दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. कशाचं ते आजही सांगता येणार नाही. एका आजींनी गुळाचा खडा दिला. दहा मिनिटांनी उठलो. शेवट साडेपाच तासांत.

नंतर गणित मांडलं. धावायला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी. माझं वजन ६५, अंतर ४२.१९५, म्हणजे सुमारे २७४०. साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० च्या आत-बाहेर. एकूण १६०० ते २००० किलोकॅलरी, फार तर थोडं वर. चरबीही सोबत जळते म्हणून साखर तीस-बत्तीसपर्यंत पुरली. पुढे फक्त चरबी.

माझ्या अंगावर चरबी होती की! १० किलो चरबी म्हणजे ७५ हजार किलोकॅलरींच्या वर. आणखी पंचवीसेक मॅरेथॉन होतील. पण चरबीतून एटीपी मिळण्याचा वेग साखरेच्या निम्मा. शिवाय तेवढ्याच ऊर्जेला ऑक्सिजन थोडा जास्त लागतो. म्हणजे पाणी आहे, पण पोहरा चमच्याएवढा. शिवाय यकृताची साखर संपली की मेंदूची आबाळ होते. ते रडू तिथलं असावं.

१९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं होतं. जे कोसळले त्यांची साखर खूप खाली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना वाटेत गोळ्या-चॉकलेटं दिली आणि फरक पडला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट मी संत्र्याच्या फोडी नाकारून पुन्हा सिद्ध केली. आता तासाला ४०-५० ग्रॅम साखर पोटात जाते, पहिल्या अर्ध्या तासापासून. भूक लागायची वाट बघत नाही. आणि लहान मूल काही देत असेल तर नाही म्हणत नाही.

पूर्वेचा_वारा | मंगळवार, सकाळी १०:४०

म्हणूनच तर म्हणतो, साखर सोडा! मी चार महिने भात-पोळी बंद केली आहे. पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरलो. ट्रेडमिलवर पण 'फॅट बर्निंग झोन' लिहिलेला असतो, त्या वेगानेच चालतो. जास्त वेगाने गेलं की चरबी जळत नाही.

जास्वंद | मंगळवार, दुपारी २:१०

तीन गोष्टी वेगळ्या करू या. पहिल्या आठवड्यातले तीन किलो बरेचसे पाणी होते. ग्लायकोजेनचा एक ग्रॅम साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणीही जातं, आणि एका लग्नाच्या पंगतीत परत येतं.

ट्रेडमिलवरचं चित्र टक्क्यांचं आहे. सावकाश चालताना खर्चातला चरबीचा वाटा जास्त असतो, हे खरं. पण एकूण खर्चच कमी असतो. वेग वाढला की वाटा घटतो, एकूण वाढतो. आणि वजनाचा हिशोब दिवसाअखेर, आठवड्याअखेर होतो, त्या अर्ध्या तासात काय जळलं यावर नाही.

राहिलं साखर सोडणं. शरीर चरबीवर जास्त चालायला शिकतं, हे मान्य. सावकाश चालणाऱ्याला त्याने फार बिघडत नाही. पण जोरात चढायचं म्हटलं की साखरच लागते, कारण वेग तिच्यात आहे. तुम्हाला चालण्यात समाधान असेल तर चालत राहा. रेडर७ यांच्या पोरांना मात्र हे सांगू नका.

पूर्वेचा_वारा | मंगळवार, दुपारी २:२५

मला पटलेलं नाही, पण पंगतीचं खरं आहे. गेल्या महिन्यात दोन लग्नं झाली.

इंदूमावशी | मंगळवार, संध्याकाळी ५:००

सगळं कळलं नाही, पण वाचायला मजा आली. माझ्या सासूबाई आळंदी ते पंढरपूर वारी पंधरा वर्षं चालल्या, अडीचशे किलोमीटर. सकाळी चहा, वाटेत कुणी देईल ते. त्या कधी अशा पायरीवर बसून रडल्या नाहीत बाई.

माझा प्रश्न: मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. पर्वती चढते रोज, १०३ पायऱ्या. एकादशीला उपाशीपोटी चढले तर चालेल का? की खिचडी खाऊन?

जास्वंद | मंगळवार, रात्री ८:३०

मावशी, सासूबाई विहिरीवर चालत होत्या, आणि पोहरा ओढायची घाई नव्हती. वारीच्या चालीला चरबी छान पुरते, रात्री मुक्कामाला जे पोटात जातं त्यातून साखरेचा साठा पुन्हा भरतो. बेचाळीस_किमी यांना घाई होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर गोळ्या कोणत्या यावर आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी चढू नका, साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर लगेच साखर खायची, उपास मोडला तरी. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. पण आपल्या डॉक्टरांना नाव दाखवून विचारा, माझ्या प्रतिसादावर जाऊ नका.

खिचडी म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, साखर भराभर चढवणारी. ती खाल्लीच तर त्यानंतर थोडं चालणं उत्तम. एरवी साखरेला स्नायूत शिरायला इन्सुलिनने दार उघडून द्यावं लागतं. स्नायू काम करू लागला की तो इन्सुलिनची वाट न बघता दार स्वतः उघडतो. मधुमेहात पुढचं दार अडकलेलं असतं, हे मागचं दार चालू असतं. म्हणून जेवणानंतरची शतपावली खरंच उपयोगी, फक्त शंभरावर थांबू नका.

इंदूमावशी | मंगळवार, रात्री ८:५०

गोळीचं नाव ग्लि पासूनच सुरू होतंय. बरं झालं विचारलं. उद्या डॉक्टरांकडे जाते.

रेडर७ | बुधवार, सकाळी ७:०५

ताई, एक शंका राहिली. लॅक्टिक ॲसिडने थकवा येत नाही म्हणता, तर मग पोरांना पायात गोळे कशाने येतात?

जास्वंद | बुधवार, दुपारी १:५०

गोळ्यांचं नेमकं कारण एकच असं अजून कुणाला सांगता आलेलं नाही. दमलेल्या स्नायूला मिळणारे मज्जातंतूंचे संदेश बिघडणं हा आज जास्त मानला जाणारा खुलासा. मीठ-पाण्याचा वाटा काही वेळा असतो. ताणून धरलं की गोळा सुटतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

लॅक्टेट मात्र यात नाही, त्याला एक मोठा पुरावा आहे. मॅकआर्डल नावाचा दुर्मीळ आजार आहे, १९५१ मध्ये नोंदवला गेला. या लोकांना स्नायूतलं ग्लायकोजेन फोडताच येत नाही. त्यांच्या पिंपाची तोटीच बसवलेली नाही म्हणा. व्यायाम केला तरी रक्तातलं लॅक्टेट वाढत नाही. लॅक्टेटच गुन्हेगार असतं तर हे लोक कधी थकले नसते. उलट ते जिना चढतानाच थकतात आणि त्यांचे स्नायू दगडासारखे आखडतात.

आणि घाटवाट, तुमच्यासाठी खास: हे लोक सावकाश चालत राहिले तर आठ-दहा मिनिटांनी त्यांना अचानक बरं वाटतं. तोवर रक्तातून ग्लुकोज आणि चरबी स्नायूंपर्यंत पोहोचू लागलेली असते. तुमच्या ताकवाल्या मावशींचाच प्रकार, कारण मात्र वेगळं.

घाटवाट | रविवार, दुपारी १२:२०

आजचा अहवाल.

आतकरवाडीत आधी सात मिनिटं डांबरी रस्त्यावर भराभर चाललो. भाच्याला सांगितलं, तू हो पुढे. मग इतक्या सावकाश चढलो की दोन आज्या माझ्या पुढे गेल्या. बोलायची परीक्षा घ्यायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून रामरक्षा म्हणत होतो. एका श्लोकाला एकदाच श्वास तुटला. तो 'परत फिरू'वाला विचार आलाच नाही. ताकवाल्या मावशींकडे नेहमीपेक्षा तीन मिनिटं उशिरा पोहोचलो आणि पुणे दरवाजाला चार मिनिटं लवकर. वर देवटाक्याचं पाणी प्यायलो, भाकरी-पिठलं झालं, भजी वगळली. बरं, अर्धी प्लेट.

भाचा नेहमीच्या दगडावर भेटला.

घाटवाट | मंगळवार, रात्री ९:१५

पुरवणी. रविवारी उतरताना मी काठी टेकत, आखूड पावलं टाकत आलो. भाचा उड्या मारत, पळत उतरला. आज माझ्या मांड्या थोड्या जड आहेत, इतकंच. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा कठडा धरून पाठमोरा जिना उतरत होता.

"मामा, लॅक्टिक ॲसिड साठलंय रे."

त्याला या धाग्याची लिंक पाठवली आहे. दोन निळ्या खुणा आल्यात, पुढे काही नाही.